सगळ्यात गार जागा

हडपसरच्या त्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी श्यामलाबाईंना फ्रीज सापडला नाही. स्वयंपाकघरात इकडून तिकडे एकसारखी करड्या रंगाची दारं. एकात मिक्सर निघाला, दुसऱ्यात झाडू, तिसऱ्यात काहीच नाही. हातात दुधाची पिशवी घेऊन त्या उभ्या, आणि मागे खुर्चीत त्यांचे यजमान श्रीधरराव.

"पोलिसात वर्दी द्यायची का?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यातलं उंच दार ओढल्यावर आत दिवा लागला आणि गार हवा अंगावर आली. फ्रीज भिंतीतच बसवलेला होता, कपाटांच्या रांगेत, कपाटाचंच दार लावून. "घरात फ्रीज आहे हे लपवायचं काय त्यात," असं पुटपुटत श्यामलाबाईंनी दूध आत ठेवलं. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत फ्रीज दारातून शिरताच दिसायचा. त्याच्यावर विणलेलं कव्हर असायचं, कव्हरवर कॅलेंडरचं खोकं, आणि खोक्यावर श्रीधररावांच्या चष्म्याची डबी. ती इमारत आता रिडेव्हलपमेंटला गेली होती. नवी उभी राहीपर्यंत दोघांनी मुलाच्या फ्लॅटवर राहायचं ठरलं होतं. मुलगा, सौमित्र, बंगळूरला नोकरीत. फ्लॅट कुलूप लावूनच पडलेला.

सौमित्रने फोनवर फ्रीजबद्दल बजावलं होतं. "आई, दाराच्या खाली जाळी आहे आणि वर फट आहे. ती मोकळी ठेव. भिंतीतला फ्रीज आहे, त्याची गरम हवा तिथूनच बाहेर जाते. आणि आत कोंबाकोंबी नको."

"तू जन्माला यायच्या आधीपासून फ्रीज वापरतेय मी," श्यामलाबाई म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

श्यामलाबाईंना कोणी शिकवलेलं चालत नसे, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांची नोकरी शिधावाटप कार्यालयात झाली होती. दुकानदाराने साखर कमी का भरली, पोत्याचं तोंड कोणी उसवलं, हे शोधण्यात त्यांची उभी हयात गेली. गोदामात धान्याच्या राशीवर लाकडी ठसे उमटवून ठेवत. कोणी हात घातला की ठसा मोडे आणि चोरी उघडी पडे. "माल आपोआप कमी होत नाही, कोणीतरी खातंच," हे त्यांचं आवडतं वाक्य. बाई सचोटीच्या होत्या, त्यात शंका नाही. पण नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. कामवालीपासून भाजीवाल्यापर्यंत कोणी त्या नजरेतून वाचत नसे.

श्रीधररावांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह. शाळेत चित्रकला शिकवायचे ते. त्याच आजाराने आता डोळे अधू झाले होते, समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना पुसलेल्या खडूसारखा दिसे. म्हणून सकाळ-संध्याकाळचं इन्शुलिन श्यामलाबाई स्वतः टोचायच्या. त्यात त्यांची वेळ चुकत नसे आणि हात हलत नसे. नवऱ्याचा जीव त्या बारक्या बाटलीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या तो जिवापाड जपत होत्या.

दिवाळी झाली तेव्हा फ्रीजखालच्या जाळीतून एक झुरळ बाहेर आलं. मग आणखी एक. श्यामलाबाईंनी जुना टॉवेल घडी करून जाळीत ठासला, वरून रुंद चिकटपट्टी मारली. वरच्या फटीचं तसंच केलं. झुरळं थांबली, त्या खूश झाल्या.

थोड्याच दिवसांत दूध नासायला लागलं. फ्रीजच्या कडेचं कपाट हाताला ऊन लागू लागलं. हवा कोंडली म्हणून हे होतंय, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. नव्या वस्तू टिकाऊ नसतात, एवढंच आलं. त्यांनी आतलं बटण दाबत दाबत सगळ्यात गारवर आणून ठेवलं. मग फ्रीज दिवसरात्र घुमत राहिला. दारातलं दूध तरीही आंबायचं आणि मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबीर मात्र काचेसारखी कडक व्हायची.

मग त्यांना औषधाची काळजी लागली. दूध नासतं तिथे इन्शुलिन कसं टिकेल? त्यांनी दारातली खोकी उचलली आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात, पार मागे, जिथून गार वारा येतो तिथे भिंतीला लावून ठेवली. पुढे लोणच्याच्या बरण्या उभ्या केल्या, म्हणजे कोणाचा धक्का लागायला नको. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू घरातल्या सगळ्यात गार जागी गेली, आणि श्यामलाबाई निर्धास्त झाल्या.

सकाळी उठल्याबरोबर त्या खोकं काढून ओट्यावर ठेवत. गार औषध टोचलं की दुखतं, म्हणून. आंघोळ, पूजा होईपर्यंत ते ओट्यावर असे. मग बाटली तळहातांत घोळवून त्या सुई भरत. संध्याकाळीही तसंच, तासभर आधी काढून. औषध मुळातच दुधाळ. त्यात हल्ली बारीक कणी दिसे, ताक फुटल्यासारखी. नीट घोळवलं नाही म्हणून, असं वाटून त्या आणखी घोळवत.

श्रीधररावांची साखर चढू लागली.

डॉक्टरीणबाईंनी आधी डोस वाढवला, मग पुन्हा वाढवला. शेवटी चष्म्यावरून पाहत विचारलं, "गोड काही खाणं होतंय का?"

"मी तरी नाही खात," श्रीधरराव म्हणाले.

 रिक्षात बसल्यापासून श्यामलाबाईंच्या मनात ते जुनं वाक्य फिरू लागलं. औषध वेळेवर जातंय, पथ्याचं जेवण त्या स्वतः रांधताहेत. म्हणजे कोणीतरी खातंच. आणि घरात माणसं दोनच.

घरी आल्यावर त्यांनी साखरेचा डबा हलवून साखर सपाट केली आणि तिच्यावर वाटीचं बूड दाबून गोल छाप उमटवला. सकाळी पाहिलं, छाप जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशीही तसाच. स्वतः साखर काढली की त्या नवा छाप उमटवत. खरं तर इथे माणसाने हात जोडावेत आणि नवऱ्याची माफी मागावी. पण संशय एकदा घरात शिरला की पुरावा नसणं हाच त्याला पुरावा वाटतो. घरात नाही म्हणजे बाहेर खात असणार, असं ठरवून त्या मोकळ्या झाल्या. संध्याकाळी श्रीधरराव खाली बागेत एकटे जात, काठी टेकत. आता त्या सोबत जाऊ लागल्या. सदऱ्याचे खिसे उलटे करून धुवायला टाकू लागल्या. एकदा खिशात पेढ्याचा चुरा निघाला.

"दत्ताच्या देवळातला प्रसाद," श्रीधरराव म्हणाले. "वॉचमनच्या मुलीला दिला."

"मुलीला दिला आणि चुरा तुमच्या खिशात राहिला."

"हो. पेढा खिशातूनच नेला होता. हातात धरून मिरवणूक काढली नाही."

 श्रीधरराव मुळात फार बोलणारे नव्हतेच. जे बोलत ते चिमटा काढून. पण त्या दिवसापासून चिमटेही कमी झाले.

संक्रांतीला सोसायटीच्या हॉलमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम होता. शेजारची नम्रता, हडपसरलाच एका कंपनीत कामाला जाणारी मुलगी, ताट घेऊन फिरत होती. तिने वाकून नमस्कार केला आणि श्रीधररावांच्या हातावर एक छोटी वडी ठेवली. "तिळगूळ घ्या, काका, गोड बोला."

श्यामलाबाईंनी ती वडी त्यांच्या तळहातावरून उचलली आणि ताटात परत ठेवली. "त्यांना नको देऊस गं. ते आपलं आपलं चोरून भागवतात."

आजूबाजूची चार माणसं हसली, कारण विनोद असावा असं त्यांना वाटलं. श्रीधररावांचा हात तसाच पुढे राहिला होता. वडी गेली हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला, मग त्यांनी मूठ मिटली. "बरं," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात श्यामलाबाईंनी त्यांचा एवढा मोठा अपमान कधी केला नव्हता, आणि बाईंना तो अपमान वाटलाही नाही. चोराला चोर म्हणण्यात अपमान कसला, असाच त्यांचा हिशेब होता.

त्याच दिवसांत नवी चप्पल लागून श्रीधररावांच्या पायाच्या बोटाला जखम झाली होती. थंडीचे दिवस, ते दिवसभर मोजे घालून असत. जखम चिघळली तरी त्यांनी ती दाखवली नाही. दाखवली असती तर बाई काय म्हणणार हे त्यांना पाठ होतं: साखर खाता, मग जखम कशी भरेल.

एका सकाळी ते उठेनात. हाक मारली की डोळे उघडत, पुन्हा मिटत. श्वास धाप लागल्यासारखा चालू होता आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. श्यामलाबाईंनी नम्रताला बोलावलं. तिने वॉचमनच्या मदतीने त्यांना गाडीत घातलं. इस्पितळात नर्सने मोजे काढले तेव्हा करंगळीशेजारचं बोट काळं पडलेलं श्यामलाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं.

"इन्शुलिन रोज घेतात?" तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

"मी स्वतः देते. एक दिवस चुकलेलं नाही."

"मग साखर एवढी चढणार नाही. ती बाटली घेऊन या बरं. आणि ठेवता कुठे?"

"फ्रीजमध्ये. पार मागे, सगळ्यात गार असतं तिथे."

डॉक्टर लिहायचे थांबले. "बाटली घेऊन या," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू.

श्यामलाबाई रिक्षाने घरी आल्या. त्या दिवशी धांदलीत औषध सकाळी बाहेर निघालंच नव्हतं. त्यांनी दार ओढलं, बरण्या बाजूला केल्या आणि खोक्याला हात घातला. खोकं निघेना. मागच्या भिंतीला ते बर्फाने चिकटलं होतं. जोर लावल्यावर पुठ्ठा फाटला आणि बाटली हातात आली. त्यांनी ती हलवली. आत काहीच हललं नाही.

त्यांनी बाटली मुठीत धरली. दार उघडं राहिलं म्हणून फ्रीज टिंग टिंग वाजायला लागला, वाजत राहिला. मुठीच्या उबेने आतला गोळा सुटत गेला आणि पांढरी कणी पाण्यात फिरू लागली, रोज दिसायची तीच. डॉक्टरने सांगायची वाट पाहावी लागली नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. औषध रोज गोठत होतं, रोज वितळत होतं, आणि त्यातला जीव कधीच गेला होता. त्या रोज वेळेवर, हात हलू न देता, नवऱ्याला पाणी टोचत होत्या. वर त्यालाच चोर म्हणत होत्या.

त्या खाली बसल्या आणि जाळीवरची चिकटपट्टी ओढली. ती धगीने मऊ होऊन हाताला डिंकासारखी लागली. टॉवेल बाहेर काढला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा तापलेला, मधोमध पिवळा पडलेला. आतून गरम हवेचा झोत त्यांच्या तोंडावर आला. आणखी काही दिवस गेले असते तर काय झालं असतं, हा विचार त्यांनी केला नाही. जे झालं होतं तेवढं पुरे होतं. त्या तिथेच फरशीवर बसून रडल्या आणि मग तोंड धुऊन इस्पितळात गेल्या.

बोट काढावं लागलं. पाय वाचला. सौमित्र विमानाने आला, दोन दिवस बापाच्या उशाशी बसला. घरी येऊन त्याने ब्रशने जाळीतली धूळ काढली, तिच्यावर बारीक तारेची जाळी लावली, म्हणजे हवा जाईल आणि झुरळ येणार नाही. आत थर्मामीटर ठेवला. बटण मधोमध आणलं. इन्शुलिनचा डबा मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चांगला लांब ठेवला. "मी सांगितलं होतं, आई," एवढं तो एकदाच म्हणाला. श्यामलाबाईंना वाटलं, दहादा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

श्रीधररावांना त्यांनी स्वतः सांगितलं. इस्पितळातल्या खाटेशी बसून, काही न लपवता: टॉवेल, बटण, मागची भिंत, कणी. वाटीचा छापही सांगितला. श्रीधरराव छताकडे पाहत ऐकत होते.

"छाप माहीत होता मला," ते म्हणाले. "तुझ्या चहाला साखर काढायला डबा उघडला होता. बोटाला लागला. चांगला गोल होता. मग चहा तसाच ठेवून दिला."

श्यामलाबाईंना तो बिनसाखरेचा चहा आठवला. त्यावरूनही त्या बोलल्या होत्या.

"म्हणजे मी काही खाल्लं नव्हतं, हे आता पटलं?"

"पटलं हो."

"मग ती तिळाची वडी तरी खाऊ द्यायचीस."

ते हसले नाहीत.  श्यामलाबाईंनी चादर उगीच सारखी केली.

घरी आणल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी साखरेचा डबा उघडला. छाप अजून होता. त्यांनी डबा हलवला, तो पुसला गेला. मग फ्रीजमधला थर्मामीटर पाहिला, औषध काढलं, खिडकीच्या उजेडात बाटली तिरकी करून पाहिली. एकसारखं दुधाळ, कणी नाही. तरी पुन्हा पाहिलं. सुई भरून त्या पलंगापाशी आल्या.

श्रीधररावांनी नेहमीसारखा बनियन वर केला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

त्यांनी विचारावं असं श्यामलाबाईंना फार वाटत होतं. कुठे ठेवलं होतंस, नीट पाहिलंस का, दाखव बरं, काहीही. बाटली त्यांनी मुद्दाम दुसऱ्या हातात आणली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकदा बघून घ्या तरी."

"मला काय दिसतंय डोंबल," श्रीधरराव खिडकीकडेच पाहत म्हणाले. "तू पाहिलंस ना? मग टोच."

श्यामलाबाईंचा हात आयुष्यात पहिल्यांदा थरथरला. तो थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. श्रीधरराव बनियन धरून तसेच बसले होते, घाई न करता.