उक्तं की रोजानं

मखमलाबादच्या आमच्या मळ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर चुलत्यांनी काटेरी तार ओढली, त्या वर्षी मी कॉलेजात होते. वडील गेले होते. आई शेवंतीच्या पाट्या डोक्यावर घेऊन लोकांच्या बांधांवरून डांबरी रस्ता गाठायची. वाट मोकळी झाली नाही तर मळा विकावा लागणार, हे तिनं मला सरळ सांगितलं आणि आम्ही दोघी सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात वकील शोधायला गेलो.

वकील भले वाटले. कागद नीट वाचले, चहा मागवला. आईनं फी विचारली तर म्हणाले, "बघू हो मावशी, तुमच्याकडून काय जास्त घेणार?" आई गोंधळली. फुलबाजारात भाव ठरल्याशिवाय कुणी पाटीला हात लावत नाही. बाहेर बाकावरच्या पक्षकारांना विचारलं, तर एक जण तारखेगणिक पैसे देत होता, एकानं निम्मे आधी दिले होते आणि एकाला आपण आजवर किती दिले तेच आठवत नव्हतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून मला यातलं काडीचं कळेना, याचा मला भयंकर राग आला.

आईनं शेवटी आत जाऊन विचारलं, "साहेब, उक्तं का रोजानं?" निंदणीला, म्हणजे तण काढायला, बाया सांगताना आमच्याकडे हेच आधी ठरतं. रोजानं घेतलेलं काम लांबतं, उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे मिळून एकच पैसे ठरवून दिलेलं, लवकर उरकतं. वकील हसले आणि उक्तं म्हणाले. आकडा ठरला. आईनं पाटल्या मोडून सगळी फी एकदम दिली.

दोन वर्षांनी चुलत्यांकडून तडजोडीचा निरोप आला. पायवाट देतो, गाडीवाट नाही. वकील म्हणाले, "घ्या मावशी. पुढं एवढंही मिळेल याची खात्री नाही."

आम्ही घरी आलो. मग आई म्हणाली, "उक्त्याच्या बाया कडंचं गवत तसंच ठिवून उठत्यात. याला उरकायचं हाय."

"मग नको घेऊ," मी म्हटलं.

त्यानंतर दावा सात वर्षं चालला. वकील प्रत्येक तारखेला स्वतः उभे राहिले, एकदा तर अंगात ताप असताना आले. वर एक रुपया मागितला नाही. "आता मागंल बघ," असं आई दर वेळी म्हणायची, आणि मीही त्याची वाट बघायचे.

आम्ही हरलो. गाडीवाट नाही आणि पायवाटही नाही. निकालानंतर आई कोर्टाच्या पायरीवर बसली. तिनं विचारलं, "तवा घ्या म्हनला, तो आपल्यासाठीच बोलत व्हता का गं?"

नको घेऊ म्हणणारी मीच होते.