आधी ऐकणारे उठतात

रत्नागिरीत माझ्या बोलण्याला अजून हसतात. लग्नाला उभा जन्म होत आला, तरी घाईत तोंडातून ‘मले’ निघालं की नणंदा एकमेकींकडे बघतात. त्यामुळे या हिवाळ्यात ह्यांना घेऊन बुलढाण्याकडे निघाले, तेव्हा माझ्या मनात थोडी खुन्नसही होती. एकदा आमचा मुलूख दाखवायचाच. काय दाखवायचं ते मात्र ठरत नव्हतं. समुद्र नाही, मासे नाहीत. ह्यांनी तर सोबत सोड्यांची (सुकवलेल्या कोलंबीची) पिशवीच बांधून घेतली, न जाणो उपासमार झाली तर.

जलंबला गाडी बदलली. तिथून खामगावची गाडी इतकी लहान पल्ल्याची, की सामान नीट लावेपर्यंत उतरायची वेळ येते. “ही गाडी आहे की रिक्षा?” हे म्हणाले. खामगावात शिरताच रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसले. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेले. हवेत तेलाच्या घाण्यांचा वास. स्टँडवर कचोरी मागितली तर गाडीवाल्याने आधी ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, “तिखट जमते का साहेबाले?” साहेबांनी जमतंय म्हणून सांगितलं आणि पुढे चिखलीपर्यंत पाणी पीत बसले.

एसटीत उन्हाने सोडे तापले. पुढच्या सीटवरच्या बाई खिडकी उघडून बसल्या, मग कंडक्टरने कोणाचं काही मेलंय का म्हणून चौकशी केली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर बघण्यासारखं होतंही. घाट चढून वर आलं की जमीन मोकळी पसरते. हरभरा, गहू, मधूनच पिवळट पडत चाललेली तूर. हे पेपर वाचत होते आणि पेपर वाचला की ह्यांचं राजकारणावरचं प्रवचन सुरू होतं. टाळी मिळेल ते बोलायचं आणि सत्ता मिळेल तिकडे बसायचं, पुढाऱ्यांचं एवढंच उरलंय. आणि लोक काय, मेंढरं, असं त्यांनी हिवरा आश्रमाच्या थांब्यापर्यंत तीनदा सांगितलं.

साखरखेर्ड्याच्या अलीकडे माझ्या चुलतभावाचं गाव आहे. त्याची सून सविता तिथली सरपंच. स्टँडवर घ्यायला तीच आली आणि घरी पोचेपर्यंत तिने सांगून टाकलं की उद्या गावात सभा आहे आणि तिला धड जेवण जात नाहीये.

कारण समजायला सोपं होतं. ज्यांना सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात, ते तालुक्यातले नवे पुढारी. तालुक्यावर वर्षानुवर्षं सत्ता असलेल्या जुन्या साहेबांविरुद्ध गावोगाव बोलूनच ते मोठे झाले. साहेब म्हणजे वाड्यावरचे, भाऊ म्हणजे जनता. सविता निवडून आली ती भाऊंच्या पॅनलमधून. आणि आता भाऊ साहेबांच्याच पक्षात गेले होते. उद्या दोघं एका स्टेजवर बसणार होते.

“मग येऊ देत की,” हे म्हणाले. “बोलतील आणि जातील.”

सविता म्हणाली, “आमच्या इथं बोलनारा आधी जात नाई, काका.”

गावची रीत अशी: सभा कोणाचीही असो, आधी ऐकणारे उठतात, मग बोलणारा. कीर्तनकार असो, साखर कारखान्याचा चेअरमन असो. लोकांचं समाधान झालं की ते उठतात, त्याला ‘बैठक मोडणं’ म्हणतात. तोवर बोलणाऱ्याने बसायचं. ही रीत कोणी घातली हे माझ्या चुलतभावालाही ठाऊक नव्हतं. पण पुलाच्या प्रश्नावर जुन्या साहेबांना एकदा दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं होतं, हे मात्र त्याने मोठ्या चवीने सांगितलं. रात्री रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी होती. हे रोडग्यांवर रोडगे खात होते. सविता ताट सारून उठली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढच्या निंबाखाली सतरंज्या पडल्या. बायका तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला घेऊनच बसल्या होत्या, त्यावरूनच सभा लांबणार हे मला कळायला हवं होतं. साहेब आले ते खांद्यावर शाल टाकून, अनुभवी माणसासारखे. भाऊ आले ते घोषणांसकट. बोलले मात्र फर्डं. मलाही दोनदा टाळी वाजवावीशी वाटली, हे कबूल करते. जनतेनं हाक दिली, जनतेनं सांगितलं विकासासाठी एकत्र या, आणि मी जनतेचा शब्द मोडत नाही.

टाळ्या संपल्या तशा कमलताई उभ्या राहिल्या. त्या बौद्धवाड्यातल्या, पिठाची गिरणी चालवतात. भाऊंच्या पहिल्या निवडणुकीत गिरणी बंद ठेवून त्या दारोदार फिरल्या होत्या, असं शेजारणीने मला सांगितलं.

“भाऊ, तवा तुमी म्हनले होते, मी साहेबाच्या बाजूले बसलेला दिसलो तर मले गावात पाय ठेवू देऊ नका. आज बाजूले बसले. बदललं कोन, साहेब का तुमी?”

भाऊ हसले. जनतेची इच्छा, एवढंच पुन्हा म्हणाले.

“कोन्या जनतेची? आमाले तं कोनी इचारलं नाई.” आणि त्या खाली बसल्या.

भाऊंनी घड्याळ पाहिलं, नमस्कार केला आणि जायला वळले. कोणी उठलं नाही. साहेबांनी शाल गुडघ्यांवर नीट घेतली आणि शांतपणे म्हणाले, “बसा भाऊ. मीही बसलोय इथं.” तेव्हा जी खसखस पिकली ती थांबेना. भाऊंच्या बरोबर आलेल्या पोरांनी घोषणा देऊन पाहिल्या, गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला. शेंगा सोलल्या जात होत्या.

मग भाऊंनी सविताला जवळ बोलावलं. मी पुढेच होते, मला ऐकू आलं. ताई, आभार माना आणि लोकांना उठवा. पुढच्या वेळचं पॅनलही मीच ठरवणार आहे, हे लक्षात ठेवा.

सविता माईककडे गेली. एवढीशी पोर, तिने आभार मानून टाकले असते तर मी तरी काय बोलणार होते?

“भाऊ, मी तुमच्या जोरावर निवडून आली, हे खरं हाय. पन बैठक सरपंच मोडत नाई. बैठक लोकं मोडतात.”

एवढं बोलून ती स्टेजवरून उतरली आणि कमलताईंच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसली. कमलताईंनी काही न बोलता तिच्यापुढे मूठभर शेंगा सरकवल्या. माझे डोळे भरून आले. ही माझ्या माहेरची सून, आणि ह्या बोलीला तिकडे हसतात.

निंबाची सावली शाळेच्या भिंतीपर्यंत गेली. भाऊ पुन्हा उठले. माईक त्यांनी बाजूला सारला.

“साहेबासंग दोनदा लढलो, दोनदा पडलो,” ते म्हणाले. इतका वेळ छापील मराठीत बोलणारा माणूस पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलत होता. “तिसऱ्यांदा पडलो असतो तं संपलो असतो. म्हनून गेलो. तुमाले इचारलं नाई, कारन तुमी नाई म्हनले असते.”

कोणी टाळी वाजवली नाही. कमलताईंनी हातातली शेंग खाली ठेवली. “हे पयलेच सांगाचं होतं,” त्या म्हणाल्या आणि पदर झटकून उठल्या. मग एकेक करून सगळे उठले. मत देणार की नाही, ते कोणीच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी सभेत सोललेल्या सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी झाली. सविता पोटभर जेवली. पॅनलचं काय, असं ह्यांनी विचारलं, तर म्हणाली, पाहू, नाही घेतलं तर कमलताईंच्या गिरणीवर दळण दळीन. सोड्यांची पिशवी तशीच न उघडता परत आली. परतीच्या वाटेवर ह्यांनी पेपर घेतला, पण मेंढरांचा विषय काढला नाही. मीही टोचलं नाही. खरं तर जीभ फार शिवशिवत होती.

रत्नागिरीला परत आल्यावर आमच्या आळीतल्या वाचनालयाची वार्षिक सभा होती. हे सभेला जातात ते चहासाठी, आजवर तोंड उघडलेलं नाही. अध्यक्षांनी छान भाषण केलं आणि शेवटी सांगितलं, की सर्व सभासदांच्या इच्छेनुसार सकाळचा वृत्तपत्र विभाग बंद करण्यात येत आहे. ह्यांची रोजची सकाळ तिथेच जाते. टाळ्या झाल्या. अध्यक्ष उठले, त्यांच्यामागे सभागृह उठलं, खुर्च्या सरकल्या.

हे बसून राहिले.

“चला,” मी सवयीने म्हटलं.

“कोणत्या सभासदांच्या इच्छेनुसार?” ह्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. आवाज फार मोठा नव्हता, पण अध्यक्ष दारात थांबले. मी पिशवी खाली ठेवली आणि ह्यांच्या शेजारी बसले. पुढच्या रांगेतल्या जोशीबाई उभ्या होत्या. त्यांनी वळून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून परत बसल्या.