गणिताच्या मॅडमचं दादापण

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी, सोयरेधायरे आणि आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते, की माझी धर्मपत्नी, वय वर्षे बावन्न, नांदेडच्या एका शाळेतली गणिताची मॅडम, गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी माणसं मारत आली आहे. कुकरच्या पहिल्या शिट्टीपासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत तीन-चार. रविवारी जास्त.

घाबरू नका, मोबाईलवर. चौघांनी एका बेटावर उतरायचं, रिकाम्या घरांतून बंदुका, औषधं गोळा करायची आणि बाकीच्यांना संपवायचं. बेटाभोवतीचं वर्तुळ हळूहळू आवळत येतं, त्याच्या बाहेर राहिला तो मेला. आमची लेक शिकायला पुण्याला गेली आणि जुना फोन घरी ठेवून गेली, त्यात हा खेळ होता. पोरगी यात इतका वेळ काय घालत होती ते बघावं, म्हणून हिनं उघडला. चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघरातून फर्मान आलं, "अहो, भाताकडं तुम्ही बघा. माझ्या मागं दोघं लागलेत."

खेळात तिचे तीन साथीदार होते. अर्धापूरचा केळीचा व्यापारी, निलंगा आगारातला एसटीचा कंडक्टर आणि लातूरला फार्मसी शिकणारी एक मुलगी. ते तिघं एकमेकांशी बोलत, ओरडत. ही फक्त लिहायची. सुरुवातीला कारण साधं होतं, माईक चालू केला की कुकर आणि मी, दोघांच्या शिट्ट्या सगळ्यांना ऐकू जायच्या. शिवाय वहीवर लाल पेनानं शेरे मारायची जन्माची सवय. "उजवीकडे." "आवाज कमी." "पुन्हा तीच चूक." एवढंच. त्या तिघांनी आपसात ठरवून टाकलं, की हा कुणीतरी करडा गडी आहे. तेव्हापासून ती दादा झाली. तिनं ते दुरुस्त केलं नाही. आयुष्यात तिनं दुरुस्त न केलेली ही एकमेव चूक.

का केली नाही, ते मला हळूहळू कळलं. नांदेडात तिला कुणी काही बोलत नाही. रिक्षावाला तिचा विद्यार्थी, बँकेतला पोरगा विद्यार्थी, दातांचा डॉक्टर विद्यार्थी, तो तर तिलाच विचारतो, "मॅडम, तोंड उघडायला सांगू का?" लग्नात ती पंगतीत बसली की शेजारच्यांची कुजबूज थांबते, लोक पाठ ताठ करून जेवतात. तीस वर्षांत तिची कुणी टिंगल केली नव्हती. आणि इथं मात्र कंडक्टर बिनदिक्कत म्हणायचा, "दादा, तुझ्या नादानं मेलो की रे! डोळे हायेत का भोकं?" हे वाक्य तिनं मला दोनदा ऐकवलं होतं. एखादीनं नवी पैठणी दाखवावी तसं.

मग लातूरचा मेळा आला. खेळवेडी, चित्रकथावेडी, पोशाखवेडी सगळी जनता एका हॉलमध्ये जमणार, आणि चौघाचौघांच्या संघांची स्पर्धा. फार्मसीवालीनं परस्पर नाव दिलं. कंडक्टरनं ड्यूटी बदलून घेतली. व्यापाऱ्यानं गाडी भरायचं काम भावावर टाकलं. अट एकच, कर्णधार जातीनं हजर पाहिजे, नाहीतर संघ बाद.

त्या संध्याकाळी भात तिनंच केला. भाताची तीन वेळा चव घेतली, तिन्ही वेळा मीठ घातलं.

"मी दिसले की संपलं हो," ती म्हणाली. "तिथंही मॅडम होईन."

"आणि नाही गेलीस तर ते तिघं बाद होतील," मी म्हणालो.

तिनं फोन उचलला आणि लिहिलं, "ठीक. रविवार. बारा वाजता."

शाळा तपासणीला नेसते ती फिकट निळी, कडक इस्त्रीची साडी नेसून ती माझ्याबरोबर सकाळच्या एसटीत बसली. पर्समध्ये चष्मा, दुसरा चष्मा आणि हेडफोन. अहमदपूर येईपर्यंत तिनं दोन्ही चष्मे चार वेळा पुसले.

लातुरात हॉल म्हटला की एरवी क्लासवाल्यांचे सत्कार आणि गुणवंतांचे फोटो. त्या दिवशी दारात एक सात फुटी राक्षस उभा होता, आणि त्याचे वडील त्याची शेपटी शालूच्या पदरासारखी दोन्ही हातांनी सांभाळत होते. "हळू रं, पायऱ्या हायेत!" फोमच्या शीटचं चिलखत घातलेला एक योद्धा खाली बसता येईना म्हणून उभ्यानं पोहे खात होता, आणि त्याची आई त्याच्या छातीवरची शेव झटकत होती. मी तर जागच्या जागी प्रेमात पडलो. आमच्या वेळी असं काही असतं, तर मी ऑफिसात नोकरीला लागलोच नसतो.

ठरलेल्या खांबापाशी तिघं उभे होते. दादासाठी गुलाबाचा हार आणि केळीची एक अख्खी फणी घेऊन. ही जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. कंडक्टरनं आदबीनं हात केला. "मावशी, पालकांच्या खुर्च्या तिकडं हायेत बघा."

तिनं खांद्यावरची पर्स सरळ केली. मग म्हणाली, "उजवीकडे. आवाज कमी. पुन्हा तीच चूक."

व्यापाऱ्याच्या हातातली केळी खाली आली. फार्मसीवालीनं तोंडावर हात ठेवला. कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला, जणू मी तिकीट न काढता बसलोय. आणि मग तेच झालं, ज्याची तिला धास्ती होती. व्यापारी खाली वाकला आणि तिच्या पाया पडला. मागोमाग उरलेले दोघं. ओळीनं, लग्नातल्यासारखे. तिनं तिघांच्या डोक्यावर हात ठेवला, पण चेहरा असा झाला होता, की निकालाच्या दिवशी नापास पोरांचाही तसा होत नाही.

पहिला डाव सुरू झाला. मी प्रेक्षकांत, समोर मोठा पडदा. माणसाला संस्कार असावेत, पण लढाईत नसावेत, हे मी त्या दिवशी शिकलो. तिघांनी तिच्याभोवती कडं केलं आणि ते कडं सोडेनात. मिळालेली चांगली बंदूक प्रत्येकजण तिच्या पुढ्यात ठेवत होता, हळदीकुंकवातल्या वाणासारखी. कंडक्टर, जो एरवी डोळे आहेत का भोकं विचारायचा, तो स्पीकरवर म्हणत होता, "मॅडम, तुमची हरकत नसंल तर जरासं बाजूला होता का? न्हाई म्हणजे, तुमच्या मागं एक माणूस हाय." हे वाक्य संपेपर्यंत त्या माणसानं तिला आडवं केलं होतं, आणि तो पुढच्या घरात गेला होता. मग तिघंही आपलं सोडून तिला औषध देऊन उठवायला धावले आणि एकावर एक मेले.

मधल्या सुट्टीत ती चष्मा काढून बसली. "चला घरी," ती म्हणाली. "झाले मी यांचीपण मॅडम."

मी ऑफिसच्या हौशी नाटकांतला माणूस. मी गेलो त्या तिघांकडं आणि छातीवर हात ठेवून भाषण ठोकलं. मित्रांनो, तिला मान नको, शिव्या द्या, असा आशय. तिघांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव सर." व्यापाऱ्यानं मलाही केळं दिलं. काम आणखी बिघडलं होतं.

पण दुसऱ्या डावाला ती खुर्चीत बसली तेव्हा तिनं एक गोष्ट केली. पहिल्या डावात ती माईकवर बोलत होती, तो तिनं बंदच करून टाकला. तिघं तिच्या कोपराला कोपर लावून बसले होते, तरी ती लिहायला लागली. "डावीकडे." पडद्यावर अक्षरं उमटली. "घाई नको." "कंडक्टर, किती वेळा सांगायचं." तिच्या साडीकडं बघायला कुणाला वेळ नव्हता, सगळ्यांच्या नजरा फोनवर. आणि फोनमध्ये तर त्यांचा दादाच होता, दोन वर्षांच्या ओळखीचा. आधी "हो मॅडम" येत होतं. मग नुसतं "हो". मग काहीच नाही, नुसते पळायचे आवाज. एकदा फार्मसीवाली चिडून म्हणाली, "कुठंय हा दादा?" मी माझ्या खुर्चीच्या कडेवर आलो.

आता सांगायला पाहिजे, की आमच्या दादाची एक खोड आहे. घर दिसलं की आत शिरायचं आणि प्रत्येक खोलीतली प्रत्येक वस्तू उचलून बघायची. शेवटच्या चार संघांत आम्ही होतो, वर्तुळ आवळत आलं होतं, तिघं पुढं पळत होते आणि ही एका घराच्या वरच्या मजल्यावर निवांत औषधं निवडत होती. मी घरी असतो तर कुकर बंद करून ओरडलो असतो.

ओरडला तो अर्धापूरचा व्यापारी. सगळ्यांत आधी पाया पडलेला. त्याचा आवाज स्पीकरमधून सबंध हॉलभर घुमला. शेपटीवाला राक्षस वळून बघायला लागला. व्यापाऱ्यानं स्वतःच जीभ चावली, फोन खाली ठेवतो की काय असं वाटलं. पण ही तोवर जिन्यावरून उडी मारून पळत सुटली होती, आणि खुर्चीत बसल्या बसल्या खांदे हलवून हसत होती, चष्मा नाकावर आलेला. मी तिला इतकं हसताना आमच्या लेकीच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं.

आम्ही तिसरे आलो. बक्षीस पहिल्या दोघांना होतं. निघताना कुणी पाया पडलं नाही, कंडक्टर नुसतं म्हणाला, "दादा, उद्या सहाला ये. उशीर करू नको."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून केळं खात होती. लोहा मागं पडलं तसं तिनं मला कोपर मारलं. "अहो, तो काय ओरडला ते परत सांगा ना. त्याच्यासारखं."

एसटी भरलेली होती. तरी मी उभा राहिलो, दांडी धरली आणि त्याचे शब्द जसेच्या तसे ओरडलो:

"अय दादा! भाजीबाजारात आलास का रे? फेक ती पिशवी अन् पळ की येड्या!"