दहाव्याचे गुलाबजाम

मस्कतमध्ये वडील आठ वर्षं क्रेन चालवत होते. नव्वदीच्या दशकात तिथलं काम संपलं, आम्ही परत आलो आणि माझ्या शाळेसाठी भोकरदनला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शेत आणि सगळी भावकी पिंपळगाव रेणुकाईला. मी अकरा वर्षांची होते आणि मला इथलं काहीच आवडत नव्हतं, संडासापासून मास्तरांपर्यंत. वर्गातल्या मुली मला ‘मस्कतवाली’ म्हणायच्या, तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. वडिलांना मात्र एकच ध्यास होता. गावानं आपल्याला पुन्हा आपलं म्हणावं.

महिन्याभरानं जरा बस्तान बसलं, तेव्हा आईनं गुलाबजाम केले. भावकीत पहिल्यांदा रिकाम्या हातानं जायचं नाही, हा तिचा हट्ट. रविवारी सकाळी वडील आणि मी एसटीनं निघालो. डबा माझ्या मांडीवर, पाक गळून फ्रॉक चिकट झालेला, आणि मी वाटभर कुरकुरत होते.

वडिलांच्या चुलतभावाच्या दारात लिंबाखाली पुरुष ओळीनं बसले होते. न्हावी एकेकाचं डोकं भादरत होता. मला वाटलं, गावात सगळे एकाच दिवशी केस कापतात की काय! मला हसू आलं. वडील मात्र जागच्या जागी थिजले. त्यांचे चुलते, ज्यांच्या खांद्यावर ते वाढले होते, ते वारले होते आणि त्या दिवशी दहावा होता. सुतकात आमच्यात कढई चढवत नाहीत. आम्ही आदल्याच संध्याकाळी तळण केलं होतं आणि वर ते मिरवत दारात आणलं होतं.

वडिलांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि ओट्याखाली सारला.

“मला का नाही कळवलं रे?” त्यांनी चुलतभावाला विचारलं.

काका चिडले नव्हते, हेच वाईट होतं. “दादा, इतकी वर्षं तुम्हाला सोडूनच सगळं करून राह्यलो. मंग ह्या टायमालाबी तुम्ही ध्यानातच आले न्हाई.”

वडिलांनी शर्ट काढला आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसले. न्हाव्यानं बाकीच्यांचं उरकलं. वडिलांसमोर आल्यावर त्यानं वस्तरा पुसला आणि काकांकडे बघितलं.

“यांचीबी करायची का?”

काकांनी बाकीच्यांकडे बघितलं. माझे वडील मान खाली घालून बसलेले, आणि त्यांचं काय करायचं ते दुसरे ठरवणार. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं.

“बसलेच हायेत तर करा,” काका म्हणाले.

डबा तसाच परत आला आणि गुलाबजाम आईनं गाईला घातले. त्यानंतर वडील दर रविवारी गावाला जायला लागले. कुणाची पाण्याची मोटार दुरुस्त कर, कुणाचा ट्रॅक्टर बघ, कुणी बोलावो न बोलावो. “किती लोचटपणा करायचा माणसानं,” आई म्हणायची. मलाही तसंच वाटायचं, लाज वाटायची त्यांची.

दोन वर्षांनी एका सकाळी आई पुऱ्या तळत होती आणि दारात सायकल थांबली. तोच न्हावी होता, घामाघूम झालेला.

“तुमची चुलती गेली. दुपारी माती हाये. तुम्ही आल्याबिगर उचलायचं न्हाई, असं भावकीनं सांगितलंय. जल्दी चला.”

आईनं कढई उतरवली. वडील चौकट धरून लहान मुलासारखे रडले. चुलतीवर त्यांचा जीव होताच, पण ते रडणं तिच्या एकटीसाठी नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी विचारलं, काल का आली नाहीस? मी उभी राहिले.

“आम्हाला सुतक आहे,” मी सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं की सगळा वर्ग वळून बघायला लागला.