डायनामोचं भान

बाबा गेले आणि आठवड्याभरात काकांनी दारातल्या मोटारसायकलीला भंगारवाला पाहिला. परदेशी बनावटीची ती जुनी गाडी सुरू व्हायची, पण बॅटरी चार्ज करत नव्हती. दिवा काजव्याइतका लागे आणि विझे. बाबांच्या आजारपणात ती महिनोन्‌महिने नुसती उभी होती.

आत्याचं कारण वेगळं होतं. "मेलेल्याची गाडी दारात ठेवू नये वं. जीव अडकते त्याचा."

मी म्हणाले, "छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच हे सोडलं ना आत्या? तू तर बाबांसंगच गेली होती."

"दीक्षा घेतली म्हणून भेव थोडीच जाते?"

मी कॉलेजात मराठी शिकवत होते आणि घरात कमी बोलत होते. त्यामुळे माझा नकार कोणी नकार धरलाच नाही. काका म्हणाले, "मिस्त्र्यानं नवी बॅटरी टाकून पाह्यली. तरी चार्जिंग नाही. आता तू का पुस्तक वाचून चालू करशीन?"

"हो. रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला की पाहा. चार्जिंग नसली तर न्या."

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. गाडीचं पुस्तक मी मोठ्याने वाचून अर्थ सांगायचे आणि ते हातात पाना धरून ऐकायचे. डायनामो फार दिवस फिरला नाही, की कधीकधी त्याच्या लोखंडात मुरलेलं चुंबकत्व जातं. मग तो कितीही फिरवला तरी वीज करत नाही. बॅटरीची तार क्षणभर टेकवून ते पुन्हा जागवावं लागतं. हे वाक्य मला मराठीत नीट आणता येईना, तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे बेभान झाला तो. त्याले भान द्या लागते." आमच्या घरात तोच शब्द राहिला.

शनिवारी दुपारी मी सीट काढली. मिस्त्र्याने नव्या गाड्यांच्या सवयीने बॅटरीचं वजा टोक सांगाड्याला जोडलं होतं. या गाडीत अधिक टोक सांगाड्याला जातं. मी जोडणी बदलली, सांगाड्यावरचा गंज काचपेपरने घासला. डायनामोच्या तारा सोडवल्या आणि बॅटरीच्या वजा टोकावरून एक सुटी तार त्याच्या फील्डच्या, म्हणजे चुंबक जागवणाऱ्या गुंडाळीच्या, टोकाला टेकवून लगेच उचलली. बारीक ठिणगी उडाली. "घे भान," असं मी मोठ्याने म्हणाले, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. रडतच तारा परत जोडल्या.

रविवारी विधी आटोपून भन्ते गेले. भंगारवाल्याची हातगाडी दाराशी आलीच होती. मी किक मारली, हळूहळू रेस वाढवली. मीटरचा काटा थरथरला आणि चार्जिंगच्या बाजूला कलून तिथेच राहिला.

काका वाकून बराच वेळ पाहत होते. "बरं, झाली चार्जिंग. पण चालवन कोण?"

"मी. बाबांनी शिकवली आहे."

"बापाची राख थंडी नाही झाली अन् पोरगी फटफटी फिरवून राहिली, म्हणतीन लोकं."

"मग खरंच म्हणतीन ना काका."

हातगाडीवाल्याने विचारलं, "भाऊ, थांबू का जाऊ?"

काकांच्या आधी आत्याच बोलली. "जाय गा. काहून उभा राह्यला?"

मी पदर खोचला आणि गाडी रस्त्यावर काढली. शेजारपाजारचे ओट्यांवर आले होते. ऊन डोक्यावर होतं, तरी मी दिवा लावला आणि सगळ्यांच्या समोरून, सावकाश, सीताबर्डीच्या दिशेने निघाले.