बाबांच्या लुगड्याची कुंची

दादानं समाजभवनात ठेवायला काचेची पेटी करायला टाकली, हे मला ज्या दिवशी कळलं, त्याच दुपारी मी लुगड्याला कात्री लावली. उगाच रागाच्या भरात नाही. कात्रीला धार लावून आणली होती, लुगडं पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून ठेवलं होतं. फक्त धीर होत नव्हता. तो दादाच्या पेटीनं दिला.

लुगडं आमच्याच हातमागावरचं, शेवटचं. नऊवारी, किरमिजी रंगाचं, काळ्या काठाचं. त्यानंतर माग मोडला. बाबा गेल्यावर घर दादाकडे गेलं आणि हे लुगडं माझ्या ट्रंकेत आलं, कारण तेव्हा ते कोणालाच नको होतं. आता बाबांच्या पुण्यतिथीला त्यांच्या फोटोखाली, काचेआड ते ठेवायचं, असं दादानं परस्पर ठरवलं. मला विचारलं नाही. फोनवर नुसतं सांगितलं, "बाई, थे लुगडं काढून ठेवजो. मी घ्याले येतो."

मला ते अंगावर घालायचं होतं. बाबांनी जन्मभर लुगडी विणली, पण आमच्या मागावरचं लुगडं आई कधी नेसली नाही. मागावरचं बाजारात जायचं, ती गिरणीचं नेसायची. मी कळायला लागल्यापासून कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या. बोटं सोलेपर्यंत भरल्या. तरी त्यातलं एक सूत माझ्या अंगाला लागलं नाही. पुढे सक्करदऱ्याला संसार थाटला आणि घरबसल्या दुसऱ्या बायकांची ब्लाउजं शिवली.

अशात वस्तीतल्या बायकांच्या नाटकात मला जंगलातल्या चेटकिणीचं काम मिळालं. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून तिच्यासाठी एक चकचकीत काळा झगा आला. त्याला कोणाच्या तरी घामाचा वास येत होता. मी तो तिथल्या तिथे परत पाठवला. म्हटलं, माझा झगा मी शिवीन, आणि कापडही माझ्या घरचंच लावीन.

मी टेप लावून सरळ कापडावर खडू चालवणारी बाई. मला कागद लागत नाही. पण डोक्यावर टोपडं असलेला पायघोळ झगा कधी शिवला नव्हता, म्हणून मोबाइलवरून परदेशी पॅटर्न मागवला. पाकिटावर तो झगा घातलेली गोरी बाई, आत पापडाहून पातळ कागद आणि त्यावर रेघाच रेघा. जमिनीवर पसरून बघितला आणि मला हसूच आलं. ही तर आपली कुंची! तान्ह्या बाळांच्या कुंच्या मी ढिगानं शिवल्यात. फक्त हे बाळ साठीला टेकलेलं होतं.

हसले, आणि तिथेच फसले. शिवणीची जागा मापातच धरली आहे, असं कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण ती जागा मला फार कंजूष वाटली. आमच्याकडे ब्लाउजच्या आत चांगली दोन बोटं माया सोडतात. बाई बाळंत होते, अंग भरतं, उसवून सैल करता आलं पाहिजे. माया न सोडणाऱ्या शिंपिणीकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. माझा हात सवयीनं प्रत्येक रेघेच्या बाहेरून फिरला. चेटकिणीचा झगा कोण उसवून सैल करणार होतं, देव जाणे.

हातमागाच्या कापडाचा पन्हा आधीच अरुंद, त्यात माझी ही उधळपट्टी. टोपड्याची डावी बाजू निघाली आणि उजवीला कापड उरलं नाही. झग्याच्या बाकी तुकड्यांची जास्तीची माया छाटून बघितली, तर हाती नुसत्या चिंध्या आल्या. उरला होता फक्त लुगड्याच्या टोकाचा तुकडा, जो मी मुद्दाम बाजूला ठेवला होता.

तो तुकडा मी विणलेला होता.

बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा हे लुगडं मागावर संपत आलं होतं. दादा उमरेडच्या खाणीत नोकरीला लागून तिकडेच राहायचा. आमच्यात मागावर पुरुष बसायचे आणि बायकांनी कांड्या भरायच्या. बाबांनी मला मागावर बसवलं आणि स्वतः शेजारी बाजेवर टेकले. मी धोट्याला हात लावेना. ते म्हणाले, "घाबरून काहून राहिली वं? माग काय चावते का?" मी विणलं. तेवढे दिवस आईनं पुढचं दार लावून ठेवलं होतं. लुगडं उतरल्यावर ती मला म्हणाली, "कोणाले सांगू नको."

व्यापाऱ्याला सांगावं लागलंच नाही. त्यानं टोकाशी बोट फिरवलं, वीण ढिली म्हणाला आणि लुगडं परत केलं. म्हणून ते घरात राहिलं. दादा समजतो, बाबांनी आठवण म्हणून ठेवलं.

इतकी वर्षं मला त्या तुकड्याची लाज वाटायची. त्या दिवशी फरशीवर बसून त्यावर कागद ठेवला, तेव्हा लाज वाटली नाही, संताप आला. व्यापाऱ्याचा, आईच्या लावलेल्या दाराचा, दादाच्या पेटीचा, सगळ्यांचाच. टोपड्याची उजवी बाजू मी त्यातूनच कापली, या वेळी बरोबर रेघेवरून. मग बाबांनी विणलेली डावी बाजू छाटून माझ्या बाजूच्या मापाची केली.

दादा आला तेव्हा मी झगा घालून तालमीला निघाले होते. तो दारातच थांबला.

"हे काय हाय?"

"कुंची," मी म्हटलं.

"बाबाचं लुगडं कापलं तू? नाटकासाठी? मले विचारलं का?"

"तू पेटी करताना मले विचारलं का?"

तो खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले. "पेटीवर लिहूनबी झालं वं," तो म्हणाला, "बाबाच्या हातचं शेवटचं कापड." मला वाईट वाटलं. भाऊ आहे माझा, आणि बाबा त्याचेही होते. पण झगा मी उतरवला नाही. जवळ गेले आणि म्हटलं, पाहा तरी हात लावून.

दादाही लहानपणी मागावर बसलेला. त्यानं डोळे पुसले आणि बोटं खांद्यावरून वर नेली. टोपड्याच्या उजव्या बाजूला हात थबकला.

"इथं वीण ढिली हाय. बाबाची अशी नाई."

"थे माही हाय."

मग सगळं सांगितलं. दार, बाज, व्यापारी, सगळं. चिडेल असं वाटलं होतं, पण चिडला नाही. उठताना हळूच म्हणाला, "झालं थे झालं, बाई. पण हे कोणाले सांगू नको."

अगदी आईचे शब्द. तिनं माझ्या काळजीनं म्हटले होते, यानं पेटीच्या काळजीनं.

"पेटीत बाबाचा चष्मा ठेव," मी म्हटलं. "कापड अंगावर घालाले असते." आणि टोपडं डोक्यावर ओढून त्याच्या आधी घराबाहेर पडले.

तालमीला सगळ्या जणी भोवती जमल्या. राजाचं काम करणारी बाई झगा हातात धरून म्हणाली, "काय कापड हाय वं! कोणी विणलं?"

"माह्या बाबांनी," मी म्हटलं. मग तिचा हात धरून उजव्या गालाजवळ आणला. "आणि हे इथचं मी."