पाटावरची साक्ष

माणसाने आपली श्रद्धा चारचौघांत, ताठ उभं राहून, स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. माझं हे मत पक्कं झालं तेव्हा मी ताठ उभा नव्हतो. पाटावर मांडी घालून बसलो होतो आणि अंगावरचं सोवळं दुसऱ्याचं होतं.

मी नगरकडचा, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. आजोबांनी धर्म बदलला, आडनाव बदललं नाही. ते आडनाव असं आहे की ऐकताच जुन्या वळणाची माणसं पाट मांडायला उठतात. गावी त्याने घोटाळा होत नसे, कारण आम्ही कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे अडचण वेगळीच होती. आमच्याकडे साक्ष द्यायच्या सभा भरत. एकेक जण उठे, आपण पूर्वी कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं ते सांगे. ज्याची पापं भारी त्याची साक्ष गाजे. एक गृहस्थ दारू, जुगार आणि एक तमाशाचा फड एवढं सगळं करून आले होते. पुढच्या बाकावर त्यांची जागा कायमची राखलेली असे. माझ्या पदरी पेरूंची एक चोरी होती. तीही आमच्या चर्चच्या पाळकांच्याच आवारातली, आणि दहाव्या वर्षीच मी ती साक्षीत वापरून टाकली होती.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मला कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत नोकरी लागली. त्याच आठवड्यात मी त्याच पाळकांच्या मुलीला मागणी घातली. पाळकांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मुलगी द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण तू इथे ख्रिस्ती आहेस, कारण इथे दुसरं काही असण्याची तुला सोयच नाही. तिकडे तुला कोणी ओळखत नाही. न सांगता खपून जाईल अशा जागी सांग. मग ये."

मी हसतच गाडीत बसलो. एक वाक्य बोलायचं आणि बायको मिळवायची! इतक्या सोप्या अटीवर कुणाचं लग्न झालं असेल असं मला वाटेना.

कलकत्त्यात मी पहिले काही दिवस जमिनीवर चाललोच नाही. खिशात नोकरीचा हुकूम, वरच्या खिशात तिचं पत्र. खिदिरपूरहून एस्प्लनेडला जाणारी ट्राम मैदानाच्या हिरवळीतून सुसाट सुटली की ती आपणच ओढतोय असं वाटे. तिसऱ्याच दिवशी मी आमच्या बडेबाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, टेबलापुढे उभा राहिलो आणि घसा साफ करून सांगितलं, "सर, मी ख्रिस्ती आहे."

बडेबाबूंनी फाइलीतून मान वर केली. "बरं. मासे खाता?"

"खातो."

"नदीतले की समुद्रातले?"

"दोन्ही."

"मग चिंता नाही," असं म्हणून ते पुन्हा फाइलीत शिरले. बाजूच्या टेबलांवर नदीतले श्रेष्ठ की समुद्रातले, यावर जो वाद पेटला तो कचेरी सुटेपर्यंत चालला. माझ्या आत्म्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

हे सगळं मी पाळकांना विजयाच्या थाटात कळवलं. उत्तर आलं: "यात तुझं काय गेलं? मासेसुद्धा गेले नाहीत. पुन्हा प्रयत्न कर." खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं: "बाबांना नाही म्हणायची सवयच आहे. पण या खेपेला त्यांचं बरोबर आहे."

मग मला मराठी मंडळी भेटली. कुणी बँकेत, कुणी सरकारी कचेरीत बदली होऊन आलेले, काही घराणी तर तिथेच जन्मून वाढलेली. त्यांचं एक मंडळ होतं आणि रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी सगळे जमत. मंडळाचे चिटणीस रेल्वेतलेच होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि "अरे वा! आपलेच!" म्हणत त्यांनी मला थेट एका मावशींच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. या मावशी कलकत्त्यातच जन्मलेल्या. त्यांनी पुणं आयुष्यात दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांना ते आवडलं नव्हतं. त्यांनी समोर आमटीची वाटी ठेवली. चिंच-गुळाची आमटी. तीन महिन्यांत मी तसलं काही चाखलं नव्हतं.

सांगायचं ते याच क्षणी सांगायला हवं होतं. मी आमटी भुरकली.

त्या रविवारी नाही सांगितलं, पुढच्या रविवारी अळूवड्या होत्या, त्याच्या पुढच्या रविवारी पुरणपोळ्या. सकाळी मी उपासनेला जाई, तिथे खड्या आवाजात गाई आणि दुपारी मावशींकडे तोंड बंद ठेवी. म्हणजे फक्त खाण्यापुरतं उघडी. पाळकांचं वाक्य मला आता पुरतं कळलं होतं. न सांगता खपून जाण्याइतकी चविष्ट गोष्ट दुसरी नाही. मी चार पानांचं एक निवेदन मात्र लिहून ठेवलं. त्यात आजोबा होते, सत्य होतं, दीपस्तंभही होता. ते मी सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडे आणि योग्य वेळेची वाट पाही.

वेळ आली ती गणेशचतुर्थीला. मंडळाचा गणपती एका शाळेच्या सभागृहात बसे. मी माळा बांधायला म्हणून सकाळीच गेलो होतो. दरवर्षी पूजेला बसणारे बँकेतले साहेब दारातच हातात तार घेऊन उभे होते. साताऱ्याला चुलते वारले. सुतक.

चिटणीसांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "आंघोळ झालीय ना?"

"झालीय, पण—"

"काही खाल्लंत?"

"नाही, पण मला एक सांगायचं—"

"उत्तम! नंतर सांगा."

दोघांनी मला शेजारच्या वर्गात नेलं. सदरा गेला, त्यातलं निवेदन गेलं. साहेबांच्या घरून आलेलं रेशमी सोवळं माझ्याभोवती गुंडाळलं गेलं. चिटणीस माझ्या उघड्या खांद्याकडे बघून चुकचुकले. "जानवं कुठंय?"

"मी घालत नाही."

"आजकालची मुलं!" असं म्हणून त्यांनी पूजेच्या ताटातलं कोरं जानवं माझ्या गळ्यात टाकलं आणि मला ढकलत पाटावर आणून बसवलं. समोर गणपती, पाठीमागे सगळं मंडळ, हातात पळी. पूजा सांगणारे गुरुजी एरवी विम्याचे एजंट होते, त्यामुळे त्यांना घाई फार. त्यांनी भराभर सुरुवात केली आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

"गोत्र?"

खरं सांगतो, गोत्र मला ठाऊक होतं. आजोबांनी ते टाकलं होतं, विसरले नव्हते. तीन अक्षरं. उच्चारली असती तर पूजा झाली असती, मोदक मिळाले असते आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. आणि पाळकांना मी काय लिहिलं असतं? त्याहून वाईट म्हणजे, कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिणारीला काय तोंड दाखवलं असतं?

"मी ख्रिस्ती आहे," मी म्हणालो.

"ते नंतर बघू," गुरुजी म्हणाले. "मुहूर्त टळतोय. गोत्र?"

मग मात्र मी पळी खाली ठेवली आणि वळून बसलो. चार पानांतलं एक वाक्य आठवेल तर शपथ. "माझे आजोबा ख्रिस्ती झाले. मीही आहे, आणि मनापासून आहे. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आमटीपुढे धीर झाला नाही. पण इथे बसून मी दुसराच कुणी आहे असं दाखवलं, तर ते तुमच्या देवाशीही खोटं आणि माझ्याही."

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"म्हणजे," चिटणीस सावकाश म्हणाले, "इतके दिवस आमच्या स्वयंपाकघरात—"

"तुमच्या नव्हे, माझ्या," मावशी मागून म्हणाल्या. "आणि मुलगा बोलला ना आपण होऊन? तुम्ही त्याला बोलू तरी दिलंत का? ऊठ रे बाबा. ते सोवळं सोड आधी, दुसऱ्याला नेसायचंय."

सोवळं सोडायला माझी हरकत नव्हती. पण माझे कपडे ज्या वर्गात होते त्याला कुलूप लागलं होतं, आणि किल्ली घेऊन गेलेला इसम दूर्वा शोधत मैदानाकडे गेला होता. शेवटी मंचाच्या पडद्यामागच्या कोपऱ्यात मला शाळेचा आशिया खंडाचा नकाशा मिळाला, कापडी पाठीचा. तो गुंडाळून मी उभा राहिलो. सैबेरिया छातीवर, सिलोन गुडघ्याशी.

पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पाटावर आता चिटणीस स्वतः बसले होते. "गोत्र?" गुरुजींनी विचारलं. चिटणीस आठवू लागले. डोकं खाजवलं, बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. "काश्यप म्हणा," गुरुजी वैतागून म्हणाले. "ज्याला माहीत नसतं त्याचं काश्यप."

मी आशिया खंडाच्या आत हसू लागलो. थांबवता येईना. नकाशा हलायला लागला, पडद्यापाशी बसलेल्या दोन बायका हसू लागल्या, मग त्यांना धरायला आलेली तिसरी. इतकं हलकं मला त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. पेरूंची साक्ष दिली तेव्हाही नाही. हृदयपरिवर्तन म्हणतात ते हेच असेल तर त्याला पोशाख लागत नाही एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

सगळं गोड झालं असं नाही. एका घरचं बोलावणं त्यानंतर आलं नाही. दुसऱ्या एका घरी माझ्यासाठी पाण्याचा पेला वेगळा निघाला. तो मी मुकाट्याने स्वतः विसळून ठेवत असे. "यात तुझं काय गेलं?" असं पाळकांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. पण मावशींनी मोदक वाढले, माझ्याकडून सगळी हकीकत आणि पत्ता काढून घेतला, आणि मी मागितलं नसताना पाळकांना एक कार्ड टाकलं. "तुमचा होणारा जावई भर पूजेत बोलला. आम्ही ऐकलं. पोरगा खरा आहे, थोडा उशिरा."

पाळकांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "ये."

नोव्हेंबरात लग्न झालं. डिसेंबरात खिदिरपूरच्या आमच्या एका खोलीत पहिला नाताळ. मी ख्रिस्ती असल्याचं आता अख्ख्या मंडळाला ठाऊक असल्यामुळे चिटणीसांसकट बरीच मंडळी सहकुटुंब आली. कलकत्त्यातली माणसं, त्यामुळे सगळ्यांनी केक कुठे आहे असं विचारलं. बायकोने नगरच्या रीतीने करंज्या केल्या होत्या. मावशींनी एक मोडून पाहिली. "सारण कोरडं झालंय," त्यांनी चारचौघांत, ताठ उभं राहून, स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि दुसरी उचलली.